सासऱ्याच्या नावाचं पान

चाळीस मेंढ्यांच्या घरात राहून नोसाखेलेला 'मेंढी' म्हणता येत नव्हतं. सासऱ्याचं नाव वुमिले. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, इथपर्यंत कुणीही समजून घेईल. पण आम्हा कोसा लोकांचं तेवढ्यावर भागत नाही. त्या नावातलं पहिलं अक्षर ज्या ज्या शब्दात येईल, तो तो शब्द सुनेच्या तोंडातून बाद. आमच्या भाषेत मेंढी म्हणजे इम्वु, पाऊस म्हणजे इम्वुला, दार उघड म्हणजे वुला, ऊठ म्हणजे वुका. आणि मान्य असणं, कबूल करणं, संमती देणं, या सगळ्याला मिळून एकच शब्द: वुमा. म्हाताऱ्याच्या बापानं नाव ठेवताना पुढे येणाऱ्या सुनेचा जरासुद्धा विचार केला नव्हता.

मग सून काय करते? अक्षर बदलते. 'वु'च्या जागी 'लु' घालून नोसाखेलेनं आपली कामचलाऊ भाषा करून घेतली होती. पंचाईत एवढीच की 'लुमा' म्हणजे चावणं. त्यामुळे घरात काही ठरलं आणि "तुला मान्य आहे ना?" असं कुणी विचारलं, की ही मान खाली घालून म्हणायची, "चावते." पंधरा वर्षं ती प्रत्येक गोष्ट अशी चावून मान्य करत आली. घरात कुणाला त्याचं हसूही येत नसे. गावातल्या इतर सुनांची तऱ्हा काही वेगळी नव्हती. एकीला तर 'पाणी' म्हणायची चोरी होती.

नोसाखेले हे नावही सासरचंच. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिला घोंगडी पांघरून चटईवर बसवलं आणि सांगितलं, आजपासून तू नोसाखेले, आमच्यासाठी घर बांधणारी. माहेरचं नाव बुकेल्वा. ते माहेरच्या कपड्यांबरोबर पेटीत गेलं आणि पुन्हा त्या घरात कुणी उच्चारलं नाही. बायकांच्या बाजूला, चटईवर, तिची जागा ठरली. दाराजवळ एक लाकडी खुर्ची होती, ती पाहुण्यांची. फडकं मारण्यापलीकडे नोसाखेले तिच्या वाटेला गेली नव्हती. नवरा मंडिसी सात वर्षांपूर्वी टॅक्सीच्या अपघातात गेला. तो गेला तरी नाव, चटई आणि बंदीतली अक्षरं जागच्या जागी राहिली. बारा वर्षांची झिंत्ले तिची मुलगी खरी, पण कुळ त्या घराचं. उद्या नोसाखेलेला निघावं लागलं असतं तर एकटीलाच निघावं लागलं असतं, आणि हे ती एकही दिवस विसरली नव्हती.

टॅक्सीनं चाळीस मिनिटांवर विद्यापीठ होतं. तिथे झाडपाल्यातली औषधी द्रव्यं शोधणाऱ्या प्रयोगशाळेत ती आधी फरशी पुसायला लागली, मग बाटल्या धुवायला. एकदा पानं दळायचं यंत्र बिघडलं आणि हिनं उखळात पानं इतकी एकसारखी कुटून दिली की प्रोफेसर मुरेवाबाई म्हणाल्या, आता यंत्र दुरुस्त करायची घाई नको. नऊ वर्षांत ती सगळं शिकली. पानं सावलीतच वाळवायची. पूड अल्कोहोलात तीन दिवस भिजवायची, गाळायची, अल्कोहोल उडवून टाकायचं. तळाशी उरलेला काळा-हिरवा चिकटा एका उंच काचनळीत, पांढऱ्या बारीक पुडीच्या थरावर ओतायचा आणि वरून द्रावण सोडत राहायचं. पानातलं एकेक द्रव्य मग आपापल्या चालीनं खाली उतरतं, कुणी भरभर, कुणी रेंगाळत, आणि ते खाली ओळीनं लावलेल्या छोट्या नळ्यांत वेगवेगळं धरायचं. कुणाचा प्रबंध कुठे अडलाय हे तिला बाटल्या धुतानाच कळायचं. तिला कुणी विचारत नसे, म्हणून ती सांगत नसे.

तिथे लोयिसो नावाचा मुलगा डॉक्टरेट करत होता. हुशार, पण नशिबाचा फुटका. दोन झाडं त्यानं हाती घेतली आणि दोन्हींत काही निघालं नाही. त्याच्या आईनं मात्र चर्चमध्ये केव्हाच जाहीर करून टाकलं होतं की आपला लोयिसो डॉक्टर झाला, आणि लोक तिच्याकडे दुखरे गुडघे दाखवायला येऊ लागले होते. एक दिवस तो डोकं धरून बसलेला पाहून नोसाखेलेला राहवलं नाही.

"आमचे ताता, म्हणजे माझे सासरे, साखरेच्या जखमांना एक पान लावतात," ती म्हणाली. "पाय कापायला निघालेली माणसं चालत घरी जातात."

"सिसी, आणि हे तुम्ही आज सांगताय? नऊ वर्षं झोपला होतात काय?" लोयिसो म्हणाला. सिसी म्हणजे ताई.

"तू विचारलंस कधी? धुतलेल्या बाटल्या कुठायत, एवढंच विचारतोस."

तिनं घरी विषय काढला. वुमिले म्हातारा पंचक्रोशीतला नावाजलेला झाडपाल्याचा वैद्य. बराच वेळ तो चिलीम ओढत बसला. मग आत गेला आणि मक्याच्या पिठाची अर्धी पिशवी भरून वाळलेला, चुरडलेला पाला घेऊन आला.

"पान ने, माकोती," तो म्हणाला. सुनेला आमच्याकडे माकोती म्हणतात. "नाव नेऊ नकोस. पलीकडच्या गावात कुणा शहाण्यानं एका मुळीचं नाव कागदावर लिहून दिलं, तर महिन्याभरात गाड्या आल्या आणि डोंगर खणून नेला. तिथे आता शेळीलाही काही मिळत नाही. कबूल आहे?"

"चावते, ताता," ती म्हणाली.

त्या पानाचं नाव इवुमाना. जखम ज्याला कबूल होते ते. अर्थात नोसाखेलेच्या तोंडी ते पंधरा वर्षं इलुमानाच होतं. प्रयोगशाळेच्या रजिस्टरात 'स्थानिक नाव' असा रकाना होता, त्यात तिनं आपल्या गोल अक्षरात इलुमाना असं लिहिलं. खोटं कुठे होतं त्यात? घरी ती तसंच म्हणायची. शिवाय खरं नावही बाहेर गेलं नाही. दोन्हीकडचं राखलं म्हणून त्या संध्याकाळी ती टॅक्सीत जरा खुशीतच बसली.

आणि पानानं कमाल केली. सतरा नंबरच्या नळीतला थेंब काचपट्टीवर चढवून, औषध फवारून तापवला, तर एकच स्वच्छ जांभळा ठिपका उठला. त्याच नळीतला थेंब जखमेतल्या जंतूंच्या बशीत सोडला, तर भोवती बांगडीएवढी जागा मोकळी झाली. लोयिसोनं ते द्रव्य सुटं केलं, तेव्हा कुपीच्या तळाशी पांढरे कण उरले, मोहरीचे चार दाणे भरतील एवढे. त्यांची घडण ओळखायला ते मोठ्या शहरातल्या यंत्रांकडे पाठवले. यंत्रांनी अर्धं सांगितलं आणि उरलेल्या अर्ध्यासाठी आणखी माल मागितला.

नेमकी तेव्हा नोसाखेलेची आई वारली आणि ती तीन आठवडे माहेरी गेली. लोयिसोला धीर कुठला? तो रजिस्टर पाहून उठला आणि टॅक्सी-तळावरच्या झाडपालेवालीकडे गेला. "इलुमाना आहे का, आजी?" "आहे की, किती पोती देऊ?" म्हातारी शेजारच्या जिल्ह्यातली. तिकडे इलुमाना नावाचं एक झुडूप खरोखरच आहे. पान दिसायला इतकं सारखं की चुरडल्यावर कुणाच्या बापाला ओळखू येऊ नये. या खेपेला डहाळ्याही मिळाल्या. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी त्या दाबून, चिकटवून एक लांबलचक लॅटिन नाव दिलं आणि लोयिसोनं ते आधीच्या निकालांवरही चढवलं. सगळ्यांना समाधान वाटलं.

नोसाखेले परत आली, पोत्यात हात घातला आणि जागीच थांबली. घरचं पान बोटांना किंचित चिकटतं, वास जुन्या मधासारखा. हे कोरडं ठणठणीत.

"लोयिसो, हे आमचं नाही."

"सिसी, ती आजी म्हणाली इलुमाना. रजिस्टरात तुमच्या अक्षरात इलुमाना. आता तुम्हीच म्हणता नाही." तो हसला. "बरं, मग तुमच्याचं नाव काय?"

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. लोयिसो पोत्याचं तोंड धरून वाट पाहत होता.

"असेल तेच," ती म्हणाली.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, चिठ्ठीवर लिहून द्यायचं. नाहीतर पोरीकडून वदवून घ्यायचं. तिनं हा विचार केला नसेल असं समजू नका. पण हातानं लिहिलेलं नाव म्हणजे नावच. शिवाय म्हाताऱ्याला दिलेला शब्द होता, आणि तो झिंत्लेच्या तोंडून मोडून घ्यायचा हे तिला स्वतः मोडण्याहून वाईट वाटत होतं. घराबाहेर काढलेल्या सुना तिनं पाहिल्या होत्या. एक तर टॅक्सी-तळावरच भाजलेली कणसं विकायची आणि शाळेला जाणाऱ्या आपल्याच मुलांना लांबून बघायची.

आठ महिने गेले. नव्या पाल्याच्या सतराव्या नळीत काही येईना. सोळाव्यात नाही, अठराव्यात नाही. लोयिसोनं पाच वेळा सगळं पहिल्यापासून केलं. नोसाखेले पाच वेळा ते खोटं पान उखळात कुटत राहिली, आणि प्रत्येक घावाला मनात म्हणत राहिली, आज सांगते. सांगितलं नाही. मधल्या काळात जांभळ्या ठिपक्याची बातमी त्या लॅटिन नावानं छापून आली होती. दुसऱ्या एका विद्यापीठानं ते झाड आणून पाहिलं आणि पत्र धाडलं की यात तुमचं द्रव्य नावालाही नाही. मग कुजबुज सुरू झाली. पोरानं दुकानातलं तयार औषध थेंबभर मिसळलं असणार. गुरुवारी चौकशी ठरली. दोषी ठरला असता तर त्याचं नाव विद्यापीठातून कायमचं कटणार होतं.

सोमवारी तो तिला मागच्या पायऱ्यांवर बसलेला दिसला. डबा मांडीवर, उघडलेलाच नव्हता.

"जेव," ती म्हणाली.

"सिसी, एक विचारू? मी खरंच काही मिसळलं असेल का? थकलेला असताना, चुकून? आजकाल मलाच तसं वाटायला लागलंय."

पोराचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला होता, आणि हात त्याचे स्वच्छ होते. ती आत गेली आणि धुतलेल्याच बाटल्या पुन्हा धूत राहिली.

घरी गेल्यावर ती मेंढ्यांच्या वाड्यापाशी म्हाताऱ्यासमोर गुडघे टेकून बसली.

"ताता, त्या पानापायी एका मुलाला चोर ठरवतायत. मला नाव सांगू द्या."

"कोण मागतंय? माझी सून, की तिथली बाटल्या धुणारी?"

"मीच, ताता. दोन्ही मीच."

"दोन्ही एकदम होता येत नाही." त्याचा आवाज चढला नाही. त्याचा आवाज कधीच चढत नसे, म्हणून तर सगळे भीत. "मी जन्मलो तेव्हा माझी नाळ पिकली होती. बापानं हेच पान लावलं, मी जगलो, म्हणून मला हे नाव दिलं. त्याचं नाव घेशील तेव्हा माझंच घेशील. आणि मग गाड्या येतील."

"मुलगा निर्दोष आहे."

"डोंगरही निर्दोष आहे," म्हातारा म्हणाला आणि मेंढ्या मोजायला उठला.

तिला राग यायला हवा होता, पण म्हाताऱ्याचंही खरं होतं, आणि तिला त्याचाच राग आला. आणखी तीन रात्री होत्या. त्या तिनं कुशी बदलत काढल्या.

गुरुवारी चौकशीच्या खोलीत तिघे बसले होते: मुरेवाबाई, बाहेरून आलेले एक साहेब, आणि पिकल्या दाढीचे डॉक्टर सोंत्शी, आमच्याच बाजूचे. कोपऱ्यात टिपणं घेणारी मुलगी. लोयिसोच्या बुटांना इतकं पॉलिश होतं की ते त्याच्या आईनं केलं असणार हे उघड होतं. नोसाखेलेला कुणी बोलावलं नव्हतं. ती दार ढकलून आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. "मला सांगायचंय," ती म्हणाली. मग सांगितलं. पहिलं पान घरचं होतं. पोतं दुसऱ्याच झाडाचं. पोरानं काही मिसळलं नाही. पोत्यात हात घातला तेव्हाच कळलं होतं, आणि ती गप्प राहिली.

मुरेवाबाई मूळच्या झिम्बाब्वेच्या, त्यांना आमची भाषा धड येत नाही. सोंत्शी त्यांना इंग्रजीत सांगत गेले. मग ते नोसाखेलेकडे वळले. "म्हणजे रजिस्टरात लिहिलेलं नाव खरं नव्हतं. हे तुम्हाला मान्य आहे?"

"चावते," नोसाखेले म्हणाली.

टिपणं घेणारी मुलगी फिसकन हसली. बाहेरच्या साहेबांनी भुवया उंचावल्या. सोंत्शी हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"माझ्या बायकोनं तीस वर्षं माझ्या बापाचा मान असाच राखला," ते हळू म्हणाले. "होकार मी समजून घेतला, सिसी. पण पानाचं नाव मला समजून घेता येत नाही. नाव नाही तर झाड नाही, आणि झाड नाही तर या मुलाचा शब्द कुणी धरणार नाही."

लोयिसो बुटांकडे बघत होता. "राहू द्या, सिसी," तो पुटपुटला. कोसा घरातला मुलगा तो. तिच्याकडे काय मागितलं जातंय हे त्या खोलीत त्याला आणि सोंत्शींनाच कळत होतं.

पंधरा वर्षं न वापरलेलं अक्षर. त्यासाठी खालचा ओठ दाताखाली घ्यावा लागतो, तेही तिला आठवून करावं लागलं.

"इवुमाना," ती म्हणाली. "पानाचं नाव इवुमाना."

छत कोसळलं नाही. पंखा फिरत राहिला. मुरेवाबाई म्हणाल्या, "स्पेलिंग?"

तिनं एकेक अक्षर सांगितलं आणि त्या मुलीनं लिहून घेतलं. साहेबांचं आणि सोंत्शींचं थोडं बोलणं झालं. ठरलं असं की ताजं पान डहाळीसकट आणून सगळं नव्यानं तपासावं आणि तोवर लोयिसोवर डाग ठेवू नये.

"हे तुम्ही आठ महिन्यांपूर्वी का नाही सांगितलंत?" जाता जाता मुरेवाबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"तोंड नव्हतं, प्रोफेसर," नोसाखेले म्हणाली.

लोयिसो व्हरांड्यात तिच्या मागे धावत आला. डोळे लाल होते. "सिसी, मी येऊ का पान घ्यायला? उद्याच?"

"मला विचारू नकोस. त्यांना विचार. तंबाखू घेऊन ये, बाहेर उभा राहा, बोलावतील तेव्हा आत जा. आणि नाही म्हणाले तर नाही. गाडी घेऊन कुणी आलं तर मी आडवी पडेन, सांगून ठेव तुझ्या लोकांना."

"म्हणजे तुम्ही असालच ना तिथे."

ती टॅक्सी-तळाकडे वळली. टॅक्सी सुटायची वेळ झाली होती.

घरी पोचली तेव्हा ऊन उतरत होतं. म्हातारा दाराशी बाकावर बसला होता, झिंत्ले आत कण्या निवडत होती. नोसाखेले सुनेच्या रिवाजाप्रमाणे झोपड्यांच्या मागून फिरून आली, अंगणातून नाही. डोक्याचा रुमाल सारखा केला, बाकासमोर चटई टाकून गुडघे टेकले. कुणाकडून कळण्याआधी आपणच सांगायचं, एवढं तिनं टॅक्सीत ठरवलं होतं.

"ताता, मी नाव घेतलं."

म्हाताऱ्यानं चिलीम तोंडातून काढली. "पानाचं?"

"हो, ताता."

"म्हणजे माझं."

"हो, ताता."

तो डोंगराकडे बघत राहिला. तिला वाटलं आता ओरडेल, काठी आपटेल. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. ओरडा सुनेनं खायचाच असतो.

"तो मुलगा सुटला?" त्यानं विचारलं.

"सुटेल."

"बरं झालं." मग आत बघून तो म्हणाला, "झिंत्ले, ती खुर्ची आण."

पोरगी दाराजवळची खुर्ची उचलून बाहेर आली आणि आईकडे, आजोबांकडे बघत ती कुठे ठेवावी हे न कळून उभी राहिली. म्हाताऱ्यानं चटईशेजारची जागा दाखवली.

"मी खाली ठीक आहे, ताता," नोसाखेले म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही.

"पाहुण्यांना खाली बसवत नाहीत आमच्याकडे. पोरी, पाणी आण त्यांना." त्यानं हातानं खुर्चीवरची धूळ झटकली, कोणाही परक्या बाईसाठी झटकावी तशी. "बस, बुकेल्वा."

कोण आलंय म्हणून तिनं मागे वळून पाहिलं.